बघ्यांच्या गर्दीत मदत मिळते का? सामाजिक मानसशास्त्र हे मोजतं कसं

[पडद्यावर: छोटी खोली, टेबल, हेडफोन, माईक. दार बंद.]

नमस्कार. रस्त्यात कुणीतरी कोसळलं आणि भोवती वीस-पंचवीस जण जमले, तर त्या माणसाला मदत मिळण्याची शक्यता वाढते की घटते? घाईने उत्तर देऊ नका. या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेत आणि त्यांची गल्लत पाठ्यपुस्तकं वाचूनही होते.

सामाजिक मानसशास्त्र बघतं ते असं: आजूबाजूला माणसं असली, किंवा आहेत असं नुसतं वाटलं, तरी आपलं वागणं कसं बदलतं. ‘नुसतं वाटलं’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रयोगात त्या खोलीत दुसरं कुणीच नाहीये.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. न्यूयॉर्क विद्यापीठातला एक विद्यार्थी येतो. त्याला सांगतात, कॉलेजमधल्या अडचणींवर गटचर्चा आहे, संकोच वाटू नये म्हणून प्रत्येक जण वेगळ्या खोलीत बसेल. बोलायचं माईकवर, प्रत्येकी दोन मिनिटं. एका वेळी एकाचाच माईक चालू. संशोधक ऐकत बसणार नाहीत, हेही आधीच सांगितलेलं.

पहिला मुलगा बोलता बोलता चाचरत सांगतो, मला फिट येते. मग बाकीचे बोलतात, शेवटी आपला विद्यार्थी. दुसऱ्या फेरीत त्या पहिल्या मुलाचा आवाज अडखळायला लागतो, तो मदत मागतो, गुदमरल्यासारखा आवाज येतो, आणि १२५व्या सेकंदाला माईक बंद. हे सगळे आवाज टेपवरचे. खरा माणूस एकच, आपला विद्यार्थी.

[पडद्यावर: घड्याळ]

आता मोजायचं काय? फिट सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी तो खोलीबाहेर पडून मदत बोलावतो. बस्स. ‘तुम्ही मदत कराल का?’ असं कागदावर विचारलं तर सगळेच हो म्हणतील. म्हणून पाय दाराकडे वळतात का, ते बघायचं. सहा मिनिटं वाट पाहायची, मग प्रयोग थांबवायचा आणि खरं काय ते त्याला सांगायचं.

आणि बदलायची मुख्य गोष्ट: गटात आपण किती जण आहोत असं त्याला वाटतंय. कुणाला वाटतं आपण दोघंच, कुणाला तिघं, कुणाला सहा जण. कोण कोणत्या गटात, हे नशिबावर. इथे ढिलाई झाली की प्रयोग वाया. समजा, सकाळी आलेल्यांना ‘दोघांत’ टाकलं आणि संध्याकाळी आलेल्यांना ‘सहांत’, तर फरक गर्दीमुळे पडला की दिवसभराच्या थकव्यामुळे, कोण सांगणार? टेप वापरायचं कारणही तेच. नट रोज नव्याने फिटचं सोंग करेल तर एक दिवस आवाज भेदरवणारा, एक दिवस फुसका.

आकडे बघा. फिट संपेपर्यंत ‘मी एकटाच ऐकतोय’ असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के बाहेर पडले. तिघांच्या गटात ६२ टक्के. सहांच्या गटात ३१ टक्के. सरासरी वेळ ५२ सेकंदांवरून १६६ सेकंदांवर गेला. जे उठले नाहीत ते दगडाच्या काळजाचे होते का? संशोधक आत आला तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, आणि ‘तो बरा आहे ना?’ असं तेच विचारत होते. उठावं की नको, यातच ते अडकले होते. याला म्हणतात जबाबदारीची वाटणी: पाच जण ऐकतायत म्हटल्यावर माझ्या वाट्याला पाचवा हिस्सा.

आता थांबा आणि कॅल्क्युलेटर काढा. हे ३१ टक्के कुणाच्या बाजूने मोजलेत? मदत करणाऱ्याच्या. फिट आलेल्या मुलाच्या बाजूने मोजू. सहांच्या गटात ऐकणारे पाच. प्रत्येक जण न उठण्याची शक्यता ०.६९. पाचही न उठण्याची शक्यता म्हणजे ०.६९ पाच वेळा गुणा, येतात साधारण ०.१६. म्हणजे कुणीतरी एक उठण्याची शक्यता ८४ टक्के! एकट्याच्या वेळी होती ८५. तिघांच्या गटात दोन ऐकणारे, तिथे येतात ८६ टक्के. ‘हा माणूस उठेल का’ आणि ‘त्या मुलाला मदत मिळेल का’, हे दोन वेगळे प्रश्न आहेत ते असे.

पण या हिशेबात एक गृहीतक आहे: पाचही जण आपापलं ठरवतात. प्रयोगात ते खरं, कारण कुणाला कुणी दिसत नव्हतं. रस्त्यावर आपण एकमेकांची तोंडं बघतो. त्यासाठी याच जोडीचा दुसरा प्रयोग, कोलंबिया विद्यापीठातला.

[पडद्यावर: भिंतीतली झडप, धूर]

विद्यार्थी फॉर्म भरत बसलाय. भिंतीतल्या छोट्या झडपेतून पांढरा धूर यायला लागतो. एकटे बसलेले २४ होते, त्यांतले १८ बाहेर सांगायला गेले, ७५ टक्के. मग खरे तीन-तीन विद्यार्थी एकत्र बसवले, असे आठ गट. वरचाच हिशेब लावला तर ९८ टक्के गटांतून कुणीतरी उठायला हवं. उठलं फक्त तीन गटांतून.

सगळ्यात बोलका तिसरा प्रकार. दोघं संशोधकांनी सांगून बसवलेले. धुराकडे एक नजर टाकायची, खांदे उडवायचे, लिहीत राहायचं. त्यांच्यासोबत बसलेल्या दहांपैकी एकच जण उठला. बाकीचे नऊ खोकले, डोळे चोळले, खिडकी उघडली, पण फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं तर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एसीचं काहीतरी.

इथे जबाबदारीची वाटणी हे मुख्य कारण नाही, कारण धुराचा धोका स्वतःलाच आहे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून ‘काही विशेष नसावं’ असं ताडतो, आणि स्वतःचा चेहराही तसाच ठेवतो. मनात घाबरलेली तीन माणसं एकमेकांना निश्चिंत दिसतात. पीडिताचा खरा घात होतो तो इथे.

हे सगळं सुरू झालं ते १९६४च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या किटी जेनोव्हीजच्या खुनामुळे. ३८ जणांनी बघितलं आणि कुणी हललं नाही, अशी बातमी छापून आली. ती बातमी पुढे टिकली नाही. २००७ साली मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी पुरावे तपासून दाखवलं की ३८ साक्षीदार नुसते बघत राहिल्याला आधारच नाही. प्रयोग मात्र त्या बातमीवर उभे नाहीत, त्यामुळे ते पडत नाहीत.

प्रयोगशाळेबाहेरही बघू. १९६९च्या अभ्यासात पिलियाव्हिन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत माणूस ‘पाडला’. काठी घेतलेल्याला ६५ पैकी ६२ वेळा आपणहून मदत मिळाली. दारूचा वास येणाऱ्याला ३८ पैकी १९ वेळा. डब्यात माणसं जास्त म्हणून मदत घटली, असं दिसलं नाही. माणूस डोळ्यांसमोर पडलाय, नेमकं झालंय काय ते दिसतंय आणि साडेसात मिनिटं पुढचं स्टेशन नाही. संदिग्धताही गेली, पळवाटही गेली.

अलीकडे अॅमस्टरडॅम, केप टाऊन आणि लँकेस्टरच्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतली २१९ भांडणं तपासली. ९०.९ टक्के प्रसंगांत किमान एक जण मध्ये पडला. हा आकडा पीडिताच्या बाजूचा आहे, ते ओळखलंत ना? त्याला ३१ टक्क्यांच्या शेजारी ठेवून ‘जुनं संशोधन खोटं ठरलं’ म्हणणारे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं भिडवतात. शिवाय कॅमेऱ्यात कुणी माणसं गटांत वाटलेली नसतात, त्यामुळे गर्दी हेच कारण, असं त्यातून ठामपणे म्हणता येत नाही.

तुमच्यावरच वेळ आली तर? ‘कुणीतरी मदत करा’ असं ओरडू नका. तेच ते पाचवा हिस्सा वाटणं. एकाकडे बोट करा: ‘ओ दादा, काळं हेल्मेट, १०८ला फोन लावा.’ आणि काय होतंय तेही बोला: ‘छातीत दुखतंय, हार्ट अटॅक वाटतोय.’ पहिल्या वाक्याने जबाबदारी एकाच्या गळ्यात पडते, दुसऱ्याने शांत चेहऱ्यांचा गोंधळ मोडतो. पोलिसांच्या लफड्यात पडायला नको म्हणून आपल्याकडे लोक मागे सरतात, तर त्यापासून संरक्षण २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४ए मध्ये आहे: वाहनाच्या अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करताना चुकून इजा झाली, तरी मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

[पडद्यावर: ८४, ८५, ८६. खाली: ९८ अपेक्षित, ८ पैकी ३.]

हे आकडे पडद्यावर ठेवतोय. गुणाकार स्वतः करून बघा, चुकला असेल तर कमेंटमध्ये सांगा.