ग्राफचं सगळ्यात उंच टोक म्हणजे एकूण आवाज नव्हे

मागे ऐकू येतंय ना? बरं. तुमच्यातल्या बहुतेकांनी एफएफटी, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित, वापरलेलं आहे, त्यामुळे डेसिबल (डीबी) म्हणजे काय, त्याचा संदर्भ दाब 20 मायक्रोपास्कल कुठून आला, यात वेळ घालवत नाही, थेट माझ्या तक्रारीवर येतो.

माझ्याकडे मशीनच्या आवाजाचे रिपोर्ट तपासायला येतात. छान रंगीत स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याचा ग्राफ, आणि खाली ठळक अक्षरात एकूण पातळी. ती कुठून काढली म्हणून बघावं तर ग्राफमधलं सगळ्यात उंच टोक उचलून तिथे ठेवलेलं! बिनची, म्हणजे ग्राफमधल्या एका फ्रिक्वेन्सी-खणाची, रुंदी किती, विंडो, म्हणजे एफएफटीआधी सिग्नलच्या तुकड्याची टोकं कमी करणारा आकार, कुठली, आकडे आरएमएसचे (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाचे) की पीकचे (लाटेच्या शिखराचे), एका अक्षराने लिहिलेलं नसतं. पीक आणि आरएमएसमध्येच साइन वेव्हला 3 डीबीचा फरक पडतो हो! एकाला विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये जे डिफॉल्ट असेल ते. अशा ग्राफवरून मशीन पास की नापास ठरतं, त्या मशीनशेजारी माणसं उभी राहणार असतात, म्हणून मला राग येतो.

आता तुम्ही सांगा. 10,000 हर्ट्झपर्यंत सपाट, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच, नॉइज आहे, 1 हर्ट्झच्या बिन, प्रत्येक बिन 40 डीबी. मीटर किती दाखवेल? चाळीस कोण म्हणालं? हात वर करा, घाबरू नका, रिपोर्ट लिहिणारेही तेच म्हणतात. उत्तर 80! दहा हजार बिनची ऊर्जा एकत्र आली की 40 डीबी वाढतात. तोच नॉइज 10 हर्ट्झच्या बिनमध्ये बघा, रेघ 50 वर चढते, बिन हजार, बेरीज पुन्हा 80. म्हणजे रेघेची उंची तुमच्या सेटिंगवर हलते, बेरीज हलत नाही.

पाच मिनिटांची चिठ्ठी आलीये, त्यामुळे जी रीत सांगायला आलो होतो ती भराभर सांगतो, लिहून घ्या.

प्रत्येक पातळीला 10 ने भागा, 10 चा तेवढा घात काढा, सगळ्यांची बेरीज करा, तिचा 10 च्या पायाचा लॉग घेऊन 10 ने गुणा. ऑक्टेव्ह बँडलाही, म्हणजे वरची फ्रिक्वेन्सी खालच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट असलेल्या पट्ट्यांनाही, हेच, 80, 80 आणि 74 मिळून 83.5 होतात. डीबीए, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार जुळवलेली पातळी, हवी असेल तर वेटिंग, म्हणजे ती जुळवणी, बेरजेच्या आधी, बँडनिहाय, 125 हर्ट्झला उणे 16.1, 1000 ला शून्य. नंतर एकदम वजा करून चालत नाही.

हॅन नावाची विंडो लावली असेल तर बेरजेतून 1.76 डीबी काढा, कारण एकच टोन नेमका बिनवर बसला तरी दोन्ही शेजाऱ्यांत 6 डीबी खाली सांडतो आणि ऊर्जा दीडपट मोजली जाते. आकडे पॉवर डेन्सिटीचे, म्हणजे दर हर्ट्झमागच्या पॉवरचे, असतील तर बेरजेआधी प्रत्येक आकडा बिनच्या रुंदीने गुणा, डीबीत नाही, मूळ आकड्यात.

शेवटी मूळ टाइम सिग्नलचा आरएमएस काढून ताडून बघा, पार्सेव्हालच्या प्रमेयाने (टाइम सिग्नलमधली आणि स्पेक्ट्रममधली ऊर्जा सारखीच असते) दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. 1.76 चा फरक दिसला तर विंडोची चूक, 3 चा दिसला तर पीक-आरएमएसची.