जादूची शाळा आणि तिचे शेजारी

नमस्कार श्रोतेहो.

आजचं बोलणं गेम मास्टरांसाठी आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या खेळांत पडद्यामागे बसून अख्खं जग चालवणारी जी मंडळी आहेत ना, त्यांच्यासाठी. फासे, कॅरेक्टर शीट, पार्टी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू होतंय. एका खेळाडूला विझार्ड, म्हणजे शिकलेला जादूगार, व्हायचंय. तो विचारतो, "माझं कॅरेक्टर जादू शिकलं कुठे?" तुम्ही नकाशा पुढे ओढता. आता जादूची शाळा कुठेतरी ठेवणं भाग आहे.

बोट कुठे जातं? वर, उत्तरेला, बर्फाळ सुळक्यावर. खाली दरी, वर धुकं, धुक्यात मनोरा. दिसायला झकास. मग सेशन, म्हणजे खेळाची बैठक, सुरू होतं आणि त्या मनोऱ्यात काही म्हणता काही घडत नाही. तिथे कुणी येत नाही, तिथून कुणी जात नाही. खेळाडू धुक्याशी भांडणार कसे?

माझं सांगणं थोडक्यात एवढंच, आणि ते मी आज दोन-तीनदा सांगणार आहे: आधी शेजारी ठरवा, मग जागा. शाळेला दाणागोटा कोण देतं, तिच्या धुराचा त्रास कुणाला होतो, तिच्या पोरांवर डूख धरून कोण बसलंय, हे आधी. नकाशावरचा ठिपका नंतर. ठिपका मग आपोआप सापडतो.

हे पटावं म्हणून एक किस्सा सांगतो. तो मला फार आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगणार. यात जादू नाही. घडलेली गोष्ट आहे.

तारीख १० फेब्रुवारी १३५५. गाव इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड. विद्यापीठ तेव्हाही जुनंच होतं, आणि होतं भर गावात. पोरं गावकऱ्यांच्याच घरांतून भाड्याने राहायची, गावातलाच पाव खायची, गावातलीच बिअर प्यायची. घरभाडी अवाच्या सवा आहेत ही पोरांची तक्रार. पोरं माजली आहेत ही गावाची. त्यात आणखी एक मेख होती. विद्यार्थी म्हणजे चर्चची माणसं. त्यांनी काही आगळीक केली तरी गावच्या न्यायासनाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. ही मेख लक्षात ठेवा, नंतर कामाला येणार आहे.

तर त्या दिवशी गावच्या मुख्य चौकातल्या स्विंडलस्टॉक नावाच्या गुत्त्यात काही विद्यार्थी प्यायला बसले. वाइन आली. चव बिघडलेली. त्यांनी दुकानदाराला सुनावलं. दुकानदारही गप्प बसणारा नव्हता, त्याने उलट उत्तर दिलं. शब्दाने शब्द वाढला, आणि वाइन गेली दुकानदाराच्या तोंडावर. पाठोपाठ भांडंही त्याच्या डोक्यात बसलं.

इथे एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो. हल्ली कॅम्पेनची सुरुवात गुत्त्यात केली की लोक नाकं मुरडतात. जुनाट म्हणतात, आळशीपणा म्हणतात. मला अजिबात पटत नाही. अनोळखी माणसं एकत्र येतात, पितात आणि भांडतात अशी दुसरी जागा दाखवा. राजदरबारात सुरुवात केली की पहिला अर्धा तास मुजऱ्यात जातो. गुत्ता वाईट नसतो. ज्या गुत्त्याच्या मालकाला तोंड नसतं, तो वाईट. असो.

भांडं डोक्यात बसलं. आता काय होईल? फार तर दोन-चार गुद्दे, असं वाटतं ना? पण गावाच्या लोकांनी सेंट मार्टिन चर्चची घंटा वाजवली. ही गावाची घंटा. ती वाजली की गावाने हत्यारं घेऊन बाहेर यायचं. ते ऐकून विद्यापीठाने सेंट मेरी चर्चची घंटा वाजवली. ही विद्यार्थ्यांची. एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर दोन चर्च, दोन घंटा, आणि प्रत्येक घंटेला धावून येणारी वेगळी माणसं. धनुष्यबाण निघाले. अंधार पडल्यावर मंडळी पांगली.

दुसऱ्या दिवशी प्रकरण मिटलं असतं. पण गावाने आसपासच्या खेड्यांतून माणसं बोलावली होती. ती आली, काळं निशाण घेऊन आली असं इतिवृत्तात म्हटलंय. विद्यार्थ्यांची राहण्याची ठिकाणं एकामागून एक फोडली गेली. आत सापडेल त्याला मारलं. दंगल संपेपर्यंत, परंपरेने जो आकडा सांगतात त्याप्रमाणे, ६३ विद्यार्थी आणि विद्यापीठाची माणसं मेली होती. गावाकडचीही ३० च्या आसपास. आणि हे सगळं कशावरून? बिघडलेल्या वाइनवरून.

थांबा, किस्सा संपला नाही. खरी गंमत पुढे आहे.

निवाडा तिसऱ्या एडवर्ड राजाकडे गेला. त्याने कौल दिला विद्यापीठाच्या बाजूने. त्याच वर्षी सनद निघाली, आणि तिने विद्यापीठाला काय दिलं असेल? गावातल्या पावाच्या आणि बिअरच्या दर-दर्जावर देखरेख. बाजारातल्या वजन-मापांवर देखरेख. बघा हं, शाळा जिंकली आणि तिला गावाचा तराजू मिळाला. शिवाय प्रायश्चित्त: दरवर्षी त्याच तारखेला महापौर, त्याचे अधिकारी आणि ६० नागरिक यांनी सेंट मेरीत जाऊन मृतांसाठीच्या प्रार्थनेला हजर राहायचं आणि प्रत्येकी एक पेनी ठेवायची. दरवर्षी! हा प्रकार किती चालला असेल? थेट १८२५ पर्यंत, म्हणजे ४७० वर्षं. त्या वर्षी महापौराने जायला साफ नकार दिला, आणि प्रथा बंद पडली. समेट व्हायला तर १९५५ उजाडलं. सहाशे वर्षं झाल्यावर विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली आणि गावाने कुलगुरूंना मानद नागरिकत्व.

आता हे उचला आणि आपल्या जगात ठेवा. नावं बदला, एवढंच. जादूची शाळा भर चौकात. पोरांवर नगराध्यक्षाचा अधिकार चालत नाही, कारण त्यांचा न्याय त्यांची परिषद करते. मघाशी म्हटलेली मेख ती हीच. आणि आता त्या पोरांच्या हातात वाइनचं भांडं नाही, फायर बोल्ट आहे, म्हणजे आगीचा झोत फेकणारी जादू. बाजारातला तराजू शाळेच्या ताब्यात आहे. वाण्याने मापात मारलं तर त्याला पकडायला कोण येणार, तर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, ज्याला कालच वस्तूमागचं खरं रूप ओळखायची स्पेल, म्हणजे मंत्र, शिकवली गेली. वाण्याला त्याच्याबद्दल काय वाटत असेल? तुमच्या पार्टीतला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतला, 'रोग' (चोरटं पात्र) त्या वाण्याचा पुतण्या असेल तर? बघा, नकाशावर अजून रेघही मारलेली नाही, आणि सेशन तयार आहे. म्हणून म्हणतो, आधी शेजारी, मग जागा.

तुम्ही म्हणाल, पण आमच्या शाळेला एकांतच हवा, तिथे धोकादायक प्रयोग चालतात. ठीक आहे. बेटावर ठेवा. शेजारी मात्र तिथेही सुटत नाहीत.

खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेचं उदाहरण घ्या. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ मध्ये त्याला व्हेन नावाचं आख्खं बेट दिलं. टायकोने तिथे उरानिबोर्ग बांधलं: वेधशाळा, तळघरात किमयेच्या भट्ट्या, पुढे स्वतःचा छापखाना, स्वतःची कागदाची गिरणी. देशोदेशीचे तरुण मदतनीस शिकायला येत. वाऱ्याने उपकरणं हलतात म्हणून दुसरी वेधशाळा त्याने अर्धी जमिनीत गाडून बांधली. स्वतः टायकोचं नाक द्वंद्वयुद्धात कापलं गेलेलं, त्यावर धातूचं खोटं नाक. असा मुख्याध्यापक एखाद्या खेळाडूने सुचवला असता तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय. पण त्या बेटावर आधीपासून शेतकरी राहत होते. त्यांना या बांधकामांवर वेठीला राबावं लागलं, आणि त्यांच्या तक्रारी राजापर्यंत गेल्या. फ्रेडरिक वारल्यावर पुढच्या राजाची मर्जी फिरली, आणि १५९७ मध्ये टायको बेट सोडून गेला. त्याच्या मृत्यूनंतर ती सगळी वास्तू जमीनदोस्त झाली. म्हणजे एकांतातली शाळा एका राजाच्या मर्जीवर उभी असते. तुमच्या कॅम्पेनमध्ये तो राजा आता किती वर्षांचा आहे, खोकतोय का, हे ठरवून ठेवा.

आता पोटाचा प्रश्न. हा सगळेच विसरतात. नालंदेबद्दल चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगच्या चरित्रात लिहिलंय की राजाने सुमारे १०० गावांचं उत्पन्न त्या विहाराला लावून दिलं होतं, आणि गावकरी रोज तांदूळ, दूध, लोणी आणून देत. शंभर गावं! आणि तुमच्या सुळक्यावरच्या मनोऱ्याखाली किती गावं आहेत? एकही नाही.

"पण आमच्याकडे जादू आहे ना," असं उत्तर हमखास येतं. बरं, हिशेब करू. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घ्या, बहुतेकांच्या टेबलावर तेच असतात. त्यात अन्नपाणी निर्माण करायची स्पेल तिसऱ्या पातळीची, आणि एका वेळी १५ माणसांचं पोट भरतं. शाळेत ३०० माणसं धरली, तर रोज २० वेळा ती करायला हवी. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला, म्हणजे देवाकडून जादू मिळणाऱ्या पुजाऱ्याला, रोज तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट, म्हणजे अशी स्पेल दिवसाला दोनदाच. म्हणजे दहा क्लेरिक रोज फक्त जेवणासाठी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण मुद्दा हा की ही स्पेल विझार्डच्या यादीत नाहीच. क्लेरिकच्या आहे! जगातले भले भले जादूगार ज्या मनोऱ्यात बसलेत, तो मनोरा रोज संध्याकाळी देवळाच्या तोंडाकडे बघत बसणार. देवळाने एक दिवस "आज नाही" म्हटलं की संपलं. ते अन्न बेचव असतं असंही नियमांतच लिहिलंय. म्हणजे स्वयंपाकघरातून चोरून आणलेल्या मीठ-मिरचीचा काळाबाजार वसतिगृहात असणारच. झाला ना शेजारी तयार? सुळका तुमचा तुम्हाला लखलाभ, पण पायथ्याशी देऊळ हवं, आणि त्या देवळाचा काहीतरी स्वार्थ हवा.

टेलिपोर्टेशनचं, म्हणजे क्षणात दूर पोहोचवणाऱ्या जादूचंही तेच. त्याचं वर्तुळ कायमचं करायचं तर एकाच जागी वर्षभर रोज ती स्पेल करावी लागते, आणि दर खेपेला ५० सोन्याच्या नाण्यांचं सामान जळतं. म्हणजे वर्षाला १८,२५० नाणी. एवढा पैसा ज्याने दिला त्याला त्या वर्तुळातून काय आणायचं होतं? हा प्रश्न खेळाडूंनी विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारा.

तरंगत्या बेटावरच्या शाळेबद्दल फार बोलत नाही. मला ती आवडत नाही, हे उघड आहे. ठेवायचीच असेल तर एवढं ठरवा की तिची सावली कुणाच्या शेतावर पडते आणि तिचा कचरा कुठे पडतो. सावलीतलं पीक खुरटलं की खालचे शेतकरी वर बघून काय म्हणतात, तिथून तुमचं कॅम्पेन सुरू होईल.

आणि हो, शाळेचा वीस पानी इतिहास लिहू नका. हे जाता जाता सांगतोय, पण अगदी मनापासून. संस्थापकांची वंशावळ, सात शाखा, सात रंग. वाचतं कोण? तुम्ही. त्याऐवजी पहिल्या सेशनला प्रत्येक खेळाडूला विचारा: "गावातल्या कोणाला ही शाळा डोळ्यांसमोर नको आहे, आणि का?" पाच खेळाडू, पाच माणसं. धोबीण असेल, तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग दर पौर्णिमेला उडतात. माजी विद्यार्थी असेल, परीक्षेत नापास होऊन आता शाळेसमोरच नकली कांड्या विकणारा. हे शेजारी तुम्ही बनवलेल्या कुठल्याही सरदारापेक्षा जास्त दिवस टिकतात, कारण ते खेळाडूंचे स्वतःचे असतात.

शेवटचा एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खेळाडूंनी शाळाच जाळली तर? जाळू द्या. यालाही ऑक्सफर्डचाच दाखला आहे, दंगलीच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचा. १२०९ मध्ये गावातली एक बाई मारली गेली, संशय विद्यार्थ्यावर आला, आणि गावाने त्याच्या साथीदारांना धरून फाशी दिलं. शिक्षक-विद्यार्थी गाव सोडून पळाले. त्यातले काही केंब्रिजला जाऊन राहिले आणि तिथे दुसरं विद्यापीठ उभं राहिलं. ऑक्सफर्ड काही वर्षांनी पुन्हा भरलं, पण केंब्रिजला गेलेले सगळे परतले नाहीत.

तेव्हा शाळा जळाली तर अर्धे शिक्षक दुसऱ्या गावी पाठवा, अर्धे तिथेच राखेत झोपड्या बांधून बसू द्या. दोघंही म्हणतील की खरी शाळा आमचीच. पाटी कुणाची, आधी दिलेल्या पदव्या कुणाच्या, आणि आगीतून वाचलेली पुस्तकं त्या रात्री नेमकी कुणाच्या गाडीत चढली, यावर तुमच्या टेबलावर बरेच महिने भांडणं चालतील. नमस्कार.