सखल शहराचा उंचीचा नकाशा

श्रोतेहो, नमस्कार.

2011 च्या जनगणनेनुसार गोव्यातील सुमारे 62 टक्के लोक शहरी भागात राहतात आणि हे प्रमाण देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. ताळगाव, मेरशी, पर्वरी ही कालपर्यंतची गावे आज शहरासारखीच वाढत आहेत. या वाढीला वळण लावण्यासाठी उपग्रह, ड्रोन, संवेदक आणि संगणकीय प्रतिमाने, म्हणजे मॉडेल, अशी कितीतरी साधने नियोजनकारांच्या हाती आली आहेत. त्या सगळ्यांची यादी आज वाचून दाखवायची नाही. माझ्या मते आपल्या खाड्यांच्या प्रदेशात ज्या एका तंत्रावर इतर सर्व तंत्रांची मदार आहे, त्या जमिनीची उंची मोजण्याच्या तंत्राविषयीच मी प्रामुख्याने बोलणार आहे.

पणजी 1843 मध्ये पोर्तुगीज राजवटीची अधिकृत राजधानी झाली. आल्तिनोची टेकडी वगळली तर हे शहर बऱ्याच अंशी दलदलीत भर घालून आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींच्या, कडेने वाढलेले आहे. पणजीला रायबंदराशी जोडणारा सतराव्या शतकातला लांबलचक रस्ता आजही मिठागरांना लागूनच जातो. अशा ठिकाणी मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की गटारांची तोंडे नदीच्या पाण्याखाली जातात, पाण्याला उतरायला वाट उरत नाही आणि अठरा जून रस्त्यासारखा भर बाजाराचा रस्ता तुंबतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटर असतो. म्हणजे एखादी गल्ली वीस सेंटिमीटर वर आहे की खाली, यावर तिथले दुकान कोरडे राहणार की नाही हे ठरते.

आता अडचण पाहा. जगभर सहज उपलब्ध असलेली उंचीची बरीचशी माहिती अवकाशातून रडारने मोजलेली आहे. अशा नकाशातील एक चौकट साधारण तीस मीटर लांब-रुंद असते, तिच्यात नऊशे चौरस मीटर जमिनीला मिळून एकच आकडा दिलेला असतो आणि तो आकडाही काही मीटरने चुकू शकतो. शिवाय ज्याला आपण जमीन समजतो ते अनेकदा माडांचे शेंडे किंवा घरांची छपरे असतात. दोन-तीन मीटर रुंदीचा खाजनाचा बांध अशा नकाशात दिसतच नाही, आणि जो बांध नकाशात नाही तो संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वात नाही.

लायडार या तंत्राने हे चित्र बदलले. विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरचे असंख्य स्पंद खाली सोडले जातात. त्यांतील काही झावळ्यांवरून, काही कांदळवनाच्या पानांवरून, तर काही पानांच्या फटींतून थेट मातीवरून परततात. सर्वांत शेवटी परतलेले स्पंद वेगळे काढले की झाडीखालच्या जमिनीचा आकार हाती येतो, आणि मोजणी काळजीपूर्वक झाली असेल तर उंचीतील चूक दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आसपास राहते. मात्र चिखलावरचे दाट कांदळ लेसरलाही पुरते भेदता येत नाही. तिथे चिखलात उतरून हातानेच मोजावे लागते, आणि तसे ते मोजले जावे.

उंची कळली तरी काम संपत नाही. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, तर भरतीच्या वेळापत्रकातील आकडे साधारणपणे सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून धरलेले असतात. हे दोन शून्य एकमेकांशी जुळवून घेतले नाहीत, तर संगणकावर कोरडे दिसणारे शहर प्रत्यक्षात गुडघाभर पाण्यात असू शकते. ही जुळवणी कोणत्याही सादरीकरणात झळकत नाही. पण गटाराचा उतार किती ठेवायचा, पंप कुठे बसवायचा आणि नव्या इमारतीचे जोते किती उंच बांधायचे हे सारे तिच्यावर अवलंबून असते.

याच ठिकाणी खाजनांकडे पाहावेसे वाटते. मानशीचे, म्हणजे खाजनाच्या बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेचे, लाकडी दरवाजे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात. वीज लागत नाही, कोणी पहारा द्यावा लागत नाही. देखभाल मात्र लागते. ती पूर्वी कोमुनिदादी, म्हणजे गावची जमीन सामूहिकपणे सांभाळणाऱ्या संस्था, पाहत असत आणि कूळ कायद्यानंतर कुळांच्या संघटनांकडे आली. पुराचे प्रतिमान तयार करताना प्रत्येक मानशीची जागा, तिची रुंदी आणि ती आज चालू आहे की मोडून पडली आहे, ही माहिती पावसाच्या आकड्यांइतकीच मोलाची ठरते. ती उपग्रहाला दिसत नाही. ती बांधावर ये-जा करणाऱ्या माणसालाच विचारावी लागते.

उपग्रहचित्रांवरून जमिनीचे प्रकार ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतींनाही हेच लागू आहे. खाजन पावसाळ्यात भाताने हिरवे असते, पीक निघाले की पुष्कळदा पाण्याखाली असते, आणि उन्हाळ्यात एखादे भेगाळून पडलेले दिसते. एकाच महिन्याचे चित्र पाहून यंत्राने त्याला पडीक ठरवले तर दोष यंत्राचा नव्हे. वर्षभराची चित्रे न देणाऱ्याचा आहे.

उष्णतेची मोजणी, वाऱ्याची दिशा पाहून इमारतींची मांडणी ठरवणे, वाहनांची गणना ही सर्व कामे उपयोगाची आहेत. 2016 मध्ये पणजीची स्मार्ट सिटी अभियानात निवड झाली, तेव्हापासून असे शब्द आपल्या कानावर येत आहेत. देशभरातील या अभियानात कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष यांचा गाजावाजा अधिक झाला, जमिनीखालच्या जुन्या गटारांच्या नकाशांचा मात्र फारसा झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्तुगीज काळातील एखादे दगडी गटार कुठून कुठे जाते हे भूवेधी रडारने शोधता येते, आणि ते रस्ता खोदण्यापूर्वीच शोधायला हवे.

नियोजनाचा नकाशा हा गोव्यात कधीच केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही. 2007 मध्ये लोकांच्या विरोधामुळे प्रादेशिक आराखडा 2011 रद्द करावा लागला. त्यानंतरच्या आराखडा 2021 च्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते आणि त्याचे मसुदे सूचनांसाठी गावोगावी पाठवले गेले. लोकांनी सर्व्हे क्रमांक शोधून आपापल्या जमिनीला कोणत्या वापराचा रंग दिला आहे ते पाहिले. त्या रंगाखालची जमीन किती सखल आहे, हे मात्र त्या कागदावरून कळणे कठीण होते.

आज ते दाखवता येते. झोनबदलाच्या जाहीर सूचनेत सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ यांच्या जोडीला त्या जमिनीची उंची, तिच्यावरून जाणारी पावसाळी पाण्याची वाट आणि तिथे भराव घातल्यास पाणी कोणत्या शेजाऱ्याच्या बाजूला वळेल, एवढे छापणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी लायडारची मोजणी रंग ठरवण्यापूर्वी व्हावी लागेल आणि तिचे आकडे कार्यालयात बंद न ठेवता पंचायतीत व पालिकेत पाहायला मिळावे लागतील. हरकतींच्या मुदतीत मेरशीच्या एखाद्या शेतकऱ्याला मग नुसते ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहावे लागणार नाही; आपल्या मानशीकडे येणारे पाणी नेमके कुठे अडणार आहे, हे तो आकड्यानिशी लिहू शकेल.

नमस्कार.