सभेची चुळबुळ

हाताची घडी घातलेला श्रोता म्हणजे आपलं म्हणणं न पटलेला श्रोता, असं वक्तृत्वाच्या वर्गांत सर्रास शिकवतात. मला ते मान्य नाही. डिसेंबरात सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र भरलं, तर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हाताच्या घड्याच दिसतील. थंडीच तशी असते! ती पाहून जो वक्ता बिचकला, त्याचं पुढचं बोलणं उगाच पडतं.

मित्रहो, एकट्या माणसाच्या एका खुणेवर जाऊ नका. सगळ्या सभेची हालचाल बघा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1885 साली ‘नेचर’ नियतकालिकात याच विषयावर एक छोटं टिपण लिहिलं. त्याच्या वंशसुधारणेच्या विचारांना माझा ठाम विरोध आहे, पण हे निरीक्षण मात्र फार बारकाईचं आहे. एका कंटाळवाण्या सभेत बसून त्याने पन्नासेक श्रोत्यांची चुळबुळ मोजली. मिनिटाला साधारण 45 हालचाली, म्हणजे माणशी जवळपास एक. सारखं घड्याळ पाहिलं तर लोकांच्या लक्षात येईल, म्हणून स्वतःचे श्वास मोजून त्याने वेळ धरला. सभेचं लक्ष लागलं की हा आकडा निम्म्याहून खाली येतो, हालचालीही लहान आणि चटकन आटोपणाऱ्या होतात. लक्ष उडालं की सरळ बसलेली माणसं कुणी इकडे, कुणी तिकडे कलू लागतात, असंही त्याने नोंदवलं. व्यासपीठावरून हे कलणं सहज दिसतं. ते बघायची सवय तेवढी लावून घ्यायला हवी.

कुजबुजीचं मात्र वेगळं आहे. द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीबद्दल तुम्ही काही नवीन सांगितलंत आणि दोन शेतकरी एकमेकांच्या कानाला लागले, तर रागावू नका. ते तुमचं वाक्य आपल्या प्लॉटला लावून बघताहेत. तिथे क्षणभर थांबा, त्यांनाच विचारा. सभेतला सगळ्यात चांगला प्रश्न बहुधा तिथूनच येतो.

आपल्या कीर्तनकारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, निरूपण जड झालं, माणसं मांडी बदलू लागली, की बुवा नामाचा गजर सुरू करतात. टाळ्या वाजतात, अवघडलेली अंगं मोकळी होतात, आणि मग बुवा त्याच चरणावर परत येतात. श्रोत्याला ते दोष देत नाहीत.

येत्या मे महिन्यात नाशिकच्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाल, तेव्हा एक दिवस मागच्या बाजूला बसा. वक्त्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघा. चुळबुळ कधी वाढली ते वहीत टिपा, आणि त्याच्या आधीच्या मिनिटात वक्ता काय बोलत होता, तेही शेजारी लिहा.