अंतर जास्त, वेळ कमी

नमस्कार मंडळी! ज्यांची मुलं-सुना कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी जरा आवाज वाढवा, कारण आज बोलायचंय दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासाबद्दल. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच, किती लांब आहे हो? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर साधारण 12,400 किलोमीटर, आणि तो दोरा जातो आर्क्टिकवरून. पण विमान काही दोरा धरून जात नाही. ते जातं वारा बघून.

यावरून ती 2016 ची गोष्ट सांगतोच, मला फार आवडते. एअर इंडियाचं बोइंग 777 आधी दिल्लीहून पश्चिमेला, युरोप-अटलांटिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. आणि समोरून सारखा वारा, कारण त्या उंचीवरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. मग कुणीतरी विचार केला असणार की अरे, उलट्या बाजूने गेलो तर? आणि ऑक्टोबर 2016 मध्ये खरंच विमान पूर्वेला वळवलं, म्यानमार, चीन, जपान आणि पुढे नुसता पॅसिफिक, पाणीच पाणी. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर. वेळ? साडेचौदा तास! परत सांगतो, लिहून घ्या हवं तर, 1,400 किलोमीटर जास्त आणि तरी जवळपास दोन तास कमी. वारा पाठीशी होता ना. तेव्हा न थांबता जाणाऱ्या प्रवासी विमानांत एवढा लांबचा पल्ला दुसऱ्या कुणाचा नव्हता.

खरी गंमत पुढे आहे. 16 ऑक्टोबर, रविवार, पहाटे 4 च्या सुमारास विमान दिल्लीहून निघालं. मधे पॅसिफिकमध्ये वार रेषा लागते, ती ओलांडली की तारीख एकदम 15, म्हणजे परत शनिवार! मग तिकडची मध्यरात्र उलटली आणि पुन्हा 16 तारीख, आणि उतरले कधी, तर रविवारीच सकाळी साडेसहाच्या सुमारास. नुसती घड्याळं बघणाऱ्याला वाटेल अडीच तासांत अमेरिका गाठली! एकाच फेरीत रविवार दोनदा आला, आणि आपले लोक काय करतात तर भांडून खिडकीची सीट घेतात आणि शटर पाडून झोपतात, असल्यांना तिकीट देतानाच मधली सीट द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

तर किलोमीटर विचारू नका, तास विचारा. आणि तेही पक्के नसतात, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्यांना केवढा वळसा पडला, बातम्यांत ऐकलंच असेल.

एक मात्र ध्यानात ठेवा, तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. दोन्हीकडच्या घड्याळात फरक साडेबारा तासांचा, तिकडच्या हिवाळ्यात साडेतेरा. आपल्याकडे सकाळचे 8 म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. पोचल्याचा फोन रात्री 2 ला वाजला तर दचकू नका, त्यांची तिथे भरदुपार असते.