मॉल आला तर बेळगावच्या हाती काय लागेल?

मंडळी,

मॉल येणार म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: एवढ्या मुलांना नोकऱ्या लागतील. बांधणारा ते सांगतो, नगरसेवक सांगतो, आणि ज्यांच्या घरात पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी बसून आहे त्या आईबापांना ते खरं व्हावंसं वाटतं. त्या आशेला नावं ठेवायला मी इथं उभा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीतली शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरतात, हे आपल्या प्रत्येक गल्लीचं दुखणं आहे. म्हणूनच हा हिशेब काळजीपूर्वक केला पाहिजे. मॉलच्या आत किती जण कामाला लागले ते मोजायचं, बाहेर किती जणांचं काम गेलं तेही मोजायचं, आणि मग वजाबाकी करायची. जाहिरातीत पहिला आकडा असतो. दुसरा शहराला स्वतःच शोधावा लागतो.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेला भाग बाहेर विकला जातो आणि त्याचे पैसे बेळगावात येतात. त्या पैशातून कामगाराचा पगार होतो, आणि तो पगार अनगोळ-मजगावच्या किराणा दुकानात, केशकर्तनालयात, शाळेच्या फीमध्ये फिरतो. दुकान त्या पैशावर चालतं, पण तो पैसा दुकान निर्माण करत नाही. समजा, टिळकवाडीतल्या एखाद्या कुटुंबानं दिवाळीच्या कपड्यांसाठी दहा हजार रुपये बाजूला काढले. मॉल झाला म्हणून त्यांचे पंधरा हजार होत नाहीत. ते दहा हजार खडेबाजारात जायचे ते मॉलमध्ये जातील, एवढंच. म्हणजे नुसत्या दुकानदारीतून शहराची कमाई वाढायची असेल तर दोनच वाटा आहेत. बाहेरच्या गावचं गिऱ्हाईक इथं यावं, किंवा आपलं जे गिऱ्हाईक बाहेर जातं ते इथंच थांबावं.

आता बेळगावचं वेगळेपण इथं आहे. आपलं शहर मुळात बाहेरच्या गिऱ्हाइकावर उभं राहिलेलं आहे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला. कचेरी कोल्हापूरला गेली, पण चंदगडच्या माणसाचा बाजार बेळगावातच राहिला, कारण कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. गडहिंग्लजकडची मंडळी येतात, गोव्याची येतात, खानापूरच्या जंगलपट्ट्यातली येतात, आणि पूर्वेकडून बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाकची कन्नड बोलणारी कुटुंबं येतात. लग्न ठरलं की बस्ता बांधायला बेळगाव, ही दोन-तीन पिढ्यांची सवय आहे. एक कुटुंब बस्त्याला आलं की कापड घेतं, शहापुरात साड्या बघतं, दागिने घेतं, भांडी घेतं, जेवतं, घरच्यांसाठी कुंदा घेऊन परत जातं. ही खरी बाहेरून आलेली कमाई. आणि ती कोणी आणली? पेठेनं आणली. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रविवार पेठ, शहापूर यांनी आणली.

त्या पेठेतल्या नोकरमाणसाकडे एक कसब आहे ज्याची कोणी किंमत करत नाही. तोच माणूस चंदगडच्या आजीशी मराठीत बोलतो, बैलहोंगलच्या काकांशी कन्नडमध्ये भाव करतो आणि मडगावच्या बाईंना कोंकणीत दोन शब्द ऐकवतो. कोणत्या गावात नऊवारी चालते, कुठं इरकलीच लागते, हे त्याला पाठ असतं. हे शिकायला वर्षं लागतात, आणि हेच सीमेवरच्या बाजाराचं भांडवल आहे. राजकारणात आपण भाषेवरून कितीही भांडलो तरी या काउंटरवर दोन्ही भाषा रोज एकत्र पोट भरतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग मॉलनं काय मिळू शकतं? हेही प्रामाणिकपणे सांगतो. आपली कॉलेजची मुलं खरेदीला आणि सिनेमाला कोल्हापूर, हुबळी, पणजी, पुण्याला जातात. तो खर्च बेळगावात थांबला तर शहराचा फायदा आहे. गोव्याकडचं जे गिऱ्हाईक आता साडीपुरतं येतं ते दिवसभर राहिलं तर तोही फायदा आहे. पण तसं व्हायचं तर मॉलमध्ये असं काही असावं लागेल जे इथं मिळत नव्हतं. तेच टी-शर्ट, तीच भांडी, तोच किराणा थंडगार हवेत ठेवून विकला तर ती पेठेच्या गल्ल्याची नुसती हलवाहलव होते.

पैसा कुठं जातो यावर थोडा वेळ देतो, कारण यात दोन्ही बाजूंनी अर्धवट बोललं जातं. 'मॉलचा पैसा बाहेर जातो, पेठेचा गावात राहतो' हे वाक्य पूर्ण खरं नाही. पेठेतलं कापडही सुरतेहून, इचलकरंजीहून येतं. किमतीचा मोठा भाग तिकडंच जातो. गावात उरतो तो नफा, भाडं आणि पगार. फरक पडतो तो या उरलेल्या भागात. पेठेतल्या दुकानदाराचा हिशेबनीस गावातला, साडीला फॉल-पिको करणारी बाई शेजारच्या गल्लीतली, हमाल, चहावाला, टेम्पोवाला गावातले. संध्याकाळी पिग्मीचा, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत गोळा करणारा, एजंट येतो. ही पिग्मीची कल्पना उडुपीत १९२८ साली निघाली, पुढं जी सिंडिकेट बँक झाली तिनं ती काढली, आणि आज आपल्या पतसंस्था रोजच्या त्या लहान लहान रकमांवर चालतात. त्या रकमांतूनच कोणाचं तरी रिक्षाचं कर्ज होतं. मॉलमधल्या ब्रँडची रोजची विक्री थेट मुख्य कचेरीच्या खात्यात जमा होते. त्याचा हिशेब, त्याची जाहिरात, त्याची खरेदी दुसऱ्या शहरात ठरते. शिवाय वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागावर विणलेली साडी कोणत्या ब्रँडच्या यादीत बसते? पेठेतल्या दुकानदाराला विणकर ओळखतो, दारात जाऊन माल दाखवू शकतो. मॉलमधल्या दुकानाच्या मॅनेजरच्या हातात एक साडीही स्वतःच्या मर्जीनं घ्यायचा अधिकार नसतो.

आता अभ्यास काय सांगतात? दिल्लीच्या इक्रियर या संस्थेनं २००८ साली केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पाहणी केली. मोठ्या दुकानांच्या आसपासच्या छोट्यांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटला, पुढं तो परिणाम कमी होत गेला. स्पर्धेमुळं बंद पडणाऱ्या दुकानांचं प्रमाण वर्षाला १.७ टक्के निघालं. मॉलच्या बाजूचे लोक हा आकडा पुढं करतात, आणि तो खोटा नाही. पण २००७ मध्ये अनुराधा कल्हण यांनी मुंबईतल्या मॉलांभोवतीच्या छोट्या दुकानदारांची आणि फेरीवाल्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात बहुतेकांनी विक्री घसरल्याचंच सांगितलं. अमेरिकेत वॉलमार्ट या महाकाय दुकानांच्या साखळीवर पुष्कळ काम झालं आहे. अर्थतज्ज्ञ एमेक बास्कर यांना २००५ मध्ये दिसलं की वॉलमार्टचं दुकान उघडलं त्या वर्षी किरकोळ व्यापारात सुमारे १०० नोकऱ्या वाढल्या, पण पाच वर्षांत त्यातल्या निम्म्याच उरल्या, कारण बाकीची दुकानं आक्रसली. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढलेलं उत्तर याहून कडक आहे: वॉलमार्टचा एक नोकर लागला की इतर दुकानांतले सुमारे १.४ गेले. वॉलमार्ट म्हणजे मॉल नव्हे, आणि अमेरिका म्हणजे बेळगाव नव्हे. पण उद्घाटनाच्या दिवशीची संख्या म्हणजे गावाला मिळालेल्या एकूण नोकऱ्या नव्हेत, ही गोष्ट बारकाईनं पाहणाऱ्या या दोघांनाही आढळली.

मुंबईचं नाव निघालं म्हणून एक सांगतो. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्यातली किती माणसं गिरणीत होती हे तुम्हाला सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या मोडल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जमिनीवर मॉल उभा राहिला. तिथं आज नोकऱ्या नाहीत का? आहेत. पण गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा कामगार आपल्या पगारावर गावाकडचं घर बांधत होता, बहिणीचं लग्न करत होता. नोकऱ्यांची मोजणी करताना त्या पगाराची ताकद आपण विसरतो.

आणि तरीही, मॉलमधल्या नोकरीची एक बाजू मला आपल्या पेठेसमोर ठेवायचीच आहे. खानापूरकडून रोज बसनं येणारी मुलगी पेठेतल्या दुकानात लागली तर बऱ्याचदा तिला रोख पगार मिळतो, पावती मिळत नाही, पीएफ नाही, आणि लघवीला जायचं तर ओळखीच्या घरी जावं लागतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा. लहान दुकान त्यात येतच नाही. मॉलमध्ये पगार खात्यावर येतो, स्वच्छतागृह असतं, आणि ब्रँडच्या पगारपटावर असेल तर पीएफही असतो. तिनं मॉल निवडला तर चूक काय? मात्र सफाई, सुरक्षा, पार्किंगची माणसं ठेकेदाराची असतात, आणि विक्रीवरच्या मुली दिवसभर उभ्या असतात. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी याच एका गोष्टीसाठी लढा दिला, 'आम्हाला बसू द्या', आणि २०१८ मध्ये तिथं बसायच्या हक्काचा कायदा झाला. तामिळनाडूनं २०२१ मध्ये तोच बदल केला. बेळगावात मॉल असो वा पेठ, काउंटरमागं एक स्टूल असायला काय खर्च येतो?

जोखमीचाही विचार करा. नाइट फ्रँक या मालमत्ता-सल्लागार कंपनीच्या अहवालात २०२३ साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ मॉल असे निघाले की ज्यांची चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी होती. ती पुण्या-मुंबईसारखी शहरं. २०२२ मध्ये बिग बझार चालवणारी फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिच्या नोकरांचं भवितव्य मोठ्या कंपन्यांच्या ज्या भांडणात ठरलं त्याचा त्यांच्या गावाशी काही संबंध नव्हता. पेठेत एक दुकान बसलं तर एक कुटुंब अडचणीत येतं, आणि तेही वाईटच. पण मॉलचं मुख्य दुकान उठलं की वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांचं गिऱ्हाईक एका दिवसात तुटतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कोणी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या जागेवर मॉल बांधत असेल तर अडवू नये. पण नोकऱ्यांचं नाव सांगून सरकारी जमीन, वाढीव चटई क्षेत्र (जास्त बांधकामाची मुभा), खास रस्ता किंवा शहराला पुरवठा करणाऱ्या राकसकोप जलाशयाच्या पाण्यात प्राधान्य मागितलं जात असेल, तर महापालिकेनं लेखी विचारावं: किती माणसं थेट पगारावर, किती ठेकेदाराकडं, पाच वर्षांनी किती? स्थानिक विणकरांना किती जागा, कोणत्या भाड्यानं? आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं जी नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, जिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात, तिच्यापुढं हा प्रस्ताव गेला का? कडोलीहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या पोटावर त्या नव्या रस्त्याचा परिणाम होणार आहे, तिला विचारलं पाहिजे.

सार्वजनिक पैसा खर्च करायचाच असेल तर तो पेठेत करा, एवढी माझी मागणी आहे. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून खडेबाजारात येणारी चंदगडची बाई आजही सकाळपासून पाणी न पिता फिरते, कारण पुढं कुठं जायचं हा प्रश्न असतो. ती दोन तास लवकर परत जाते आणि त्या दोन तासांची खरेदी आपण गमावतो. मॉलकडून शिकायचं असेल तर हे शिकू या. खडेबाजारात, गणपत गल्लीत आणि शहापुरात बायकांसाठी पहारा असलेली स्वच्छतागृहं, प्यायचं पाणी, बसायला बाक, गाड्या लावायला पेठेबाहेर एक जागा आणि तिथून आत यायला लहान बस. हा अर्ज व्यापारी संघटनांनी आणि आपण ग्राहकांनी मिळून, मराठीत आणि कन्नडमध्येही लिहून, पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी महापालिकेत द्यावा. मसुदा मी करून आणला आहे. सह्यांचे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत.