मिक्सरच्या तळाची पट्टी

(दृश्य: ओट्यावर पालथा ठेवलेला मिक्सर. कॅमेरा हळूहळू तळाच्या चंदेरी पट्टीवर येतो.)

भारतात घेतलेला कुठलाही मिक्सर पालथा करा. तळाशी एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसेल. तिच्यावर साधारण असं छापलेलं असतं: 230 व्होल्ट, एसी, 50 हर्ट्झ, 750 वॉट. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, एसी म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणारी वीज, हर्ट्झ म्हणजे तिच्या सेकंदाला येणाऱ्या लहरी, आणि वॉट म्हणजे वस्तू किती वीज खाते ते. मिक्सर घेताना आपण भांडी किती, वॉरंटी किती वर्षांची, रंग कोणता हे बारकाईने बघतो. ही पट्टी मात्र वर्षानुवर्षं ओट्याकडे तोंड करून राहते. ही वस्तू कुठल्या विजेवर चालवायची, याची अट त्या तीन आकड्यांत दिलेली असते. ती मोडली तर वस्तू आधी तापते आणि मग जळते.

(दृश्य: विमानतळ. वजनकाट्यावर ठेवलेल्या बॅगा.)

पुणे, नाशिक, कोल्हापूरहून मुलं-मुली अमेरिकेला निघतात तेव्हा बॅगेत गोडा मसाला असतो, भाजणी असते, कुकर असतो. बऱ्याचदा मिक्सरही असतो. तिथल्या ब्लेंडरमध्ये फळांचा रस उत्तम होतो, पण कांदा-खोबऱ्याचं वाटण गंधासारखं बारीक होत नाही. म्हणून आई आग्रहाने मिक्सर भरून देते, आणि तो तिथे पोचला की अडचण सुरू होते.

अमेरिकेतल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये 120 व्होल्ट असतात. बोलताना लोक सर्रास 110 म्हणतात. आपली तीन गोल काड्यांची पिन त्यात बसत नाही, म्हणून दुकानातून अडॅप्टर आणला जातो. पिन बसते आणि काम झालं असं वाटतं. पण अडॅप्टर बदलतो तो फक्त पिनेचा आकार. आतून येणारी वीज 120 व्होल्टचीच राहते.

अशा वेळी मिक्सर सुरू होतो, पण मरगळल्यासारखा फिरतो. भांड्यात ओलं खोबरं पडलं की पातं अडतं. मोटर फिरायची थांबली तरी वायंडिंगमधून, म्हणजे तिच्या तारेच्या वेटोळ्यांमधून, करंट जातच असतो. मोटरला वारा घालणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असल्यामुळे तोही थांबलेला असतो. तारेवरचं वार्निश जळल्याचा वास येतो तो इथेच. व्होल्टेज कमी आहे म्हणजे निदान धोका तरी नाही, हा समज मोटरच्या बाबतीत चुकीचा आहे.

(दृश्य: टेबलावर जड, चौकोनी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर.)

यावर खरा उपाय दोन प्रकारचा. पहिला, तिथल्या विजेसाठीच बनवलेला भारतीय मिक्सर घ्यायचा. काही भारतीय कंपन्या 110 व्होल्टचे मिक्सर बनवतात आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत ते मिळतात. माझं मत विचाराल तर हाच उपाय चांगला. दुसरा, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. तो 120 चे 230 करतो. मात्र 750 वॉटच्या मिक्सरला 750 चाच ट्रान्सफॉर्मर घेऊन भागत नाही. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा. आणि तो हातात जड लागला पाहिजे, कारण आत लोखंडाचा गाभा आणि तांब्याची तार असते. प्रवासी वस्तूंच्या दुकानात मिळणारे हलके कन्व्हर्टर विजेची लहर कापून काम भागवतात. ते केस वाळवायच्या यंत्रासारख्या साध्या तापणाऱ्या वस्तूंपुरते. मिक्सरला ते लावू नयेत.

दोन हजार वॉटची आपली इंडक्शन शेगडी न्यायचा विचार तर सोडूनच द्यावा. तिथलं साधं सॉकेट बहुधा 15 अँपिअरच्या सर्किटवर असतं. 120 गुणिले 15, म्हणजे 1800 वॉट. त्यापलीकडे त्या सर्किटमधून वीज घेताच येत नाही, मग मधे कितीही मोठा ट्रान्सफॉर्मर ठेवा.

(दृश्य: जुन्या न्यूयॉर्कचा नकाशा, त्यावर पसरत जाणाऱ्या तारांच्या रेषा.)

जगात हे दोन तट पडले कसे? 1882 च्या सप्टेंबरात एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू झालं. ती वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी होती, सुमारे 110 व्होल्टची, कारण त्या वेळचे कार्बनच्या तंतूचे दिवे तेवढ्यावर नीट चालत. त्या आकड्याभोवतीच अमेरिकेतले दिवे, तारा आणि उपकरणं वाढत गेली. युरोपात 1899 साली बर्लिनच्या वीज कंपनीने 220 व्होल्टवर जायचं ठरवलं. हिशेब पैशांचा होता. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, आणि करंट निम्मा झाला की त्याच तारेतली नासाडी चौथ्या हिश्श्यावर येते. रस्त्यांखाली पुरायच्या तांब्यात एवढी बचत होती की ग्राहकांची उपकरणं बदलायचा खर्च त्यातून भरून निघाला. अमेरिकेत मात्र तोवर 110 ची घरं फार झाली होती. ब्रिटिशांच्या वहिवाटीतून आपल्याकडे 230-240 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आले.

जपानची गोष्ट आणखी वेगळी. व्होल्टेज देशभर 100, पण टोकियोच्या बाजूला 50 हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला 60. कारण एवढंच की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जनित्रं जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून. 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी तिकडे देता आली नाही, कारण दोन्ही बाजू जोडणाऱ्या केंद्रांची क्षमताच तोकडी होती. हर्ट्झचा आकडा किती महत्त्वाचा, हे त्या देशाने फार कठीण दिवसांत अनुभवलं.

(दृश्य: भिंतीवरचं जुनं विजेचं घड्याळ.)

घरातही हा आकडा विसरून चालत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. विजेच्या लहरीवर वेळ मोजणारं अमेरिकेतलं जुनं घड्याळ भारतात आणून स्टेप-डाउनवर लावलं, तर दर तासाला ते दहा मिनिटं मागे पडतं. 60 ऐवजी 50 लहरी मिळतात, त्याचा हा सरळ हिशेब. घड्याळ मागे पडलं तर निदान समजतं. 60 हर्ट्झचा मायक्रोवेव्ह 50 वर लावला की त्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीय दृष्ट्या भरून जातो, तो घुमायला लागतो आणि तापतो. बाहेर 120 व्होल्ट अगदी बरोबर मिळत असले तरीही. मिक्सरची कार्बन ब्रश असलेली मोटर मात्र दोन्हींवर फिरते. म्हणून मिक्सरचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, मायक्रोवेव्हचा सुटत नाही.

(दृश्य: परत आलेल्या कुटुंबाचं सामान. खोक्यातून निघणारं कॉफीचं यंत्र.)

अमेरिकेतून कायमचं परत येणाऱ्यांचं नुकसान झालं तर ते क्षणात होतं. 120 व्होल्टचं, 900 वॉटचं कॉफीचं यंत्र आपल्या 230 च्या सॉकेटला लागलं, तर कॉइलमध्ये जवळपास पावणेचार पट वीज जाते. 900 ची 3300 वॉट होते. करंट साडेसात अँपिअरऐवजी चौदाच्या वर जातो, तोही कदाचित सहा अँपिअरच्या सॉकेटमधून. कॉइल तुटते, किंवा आतला फ्यूज आधी उडतो. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. माझं ऐका, कॉफीचं यंत्र, टोस्टर, मायक्रोवेव्ह तिथेच कुणाला तरी देऊन या.

मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बिनधास्त आणा. त्यांच्या पट्टीवर 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. आलेली वीज ते आधी डीसी करून घेतात आणि मग लागेल तेवढीच पुढे सोडतात. जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या मागे मात्र 115 आणि 230 असं छोटं लाल बटण असायचं. ते 115 वर ठेवून आपल्या सॉकेटला जोडलं की धाड असा आवाज येऊन आतले कपॅसिटर फुटत.

(दृश्य: गावाबाहेरचा डीपी. तिथून दूरवर गेलेली खांबांची रांग.)

आता घरातलीच गोष्ट. वस्तू भारतातली, पट्टीवर 230, तरीही ती जळते. कारण पट्टीवर 230 लिहिलं म्हणून तारेत 230 असतीलच असं नाही.

डीपीपासून, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबावरचं घर लांब असतं. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, मोटारी एकदम सुरू होतात आणि त्या लांबच्या घरी पोचेपर्यंत 230 चे 170 राहतात. 170 वर फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा जोर निम्म्याच्या आसपास येतो. तो उठायला बघतो, उठत नाही, गरम होतो, आणि त्याचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा छोटा स्विच, टक्‌ करून त्याला तोडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. रात्रभर हे चालू राहिलं की कॉम्प्रेसर कामातून जातो.

मग घरात स्टॅबिलायझर येतो. तो आपल्या घरापुरतं व्होल्टेज वाढवतो हे खरं, पण त्यासाठी लाइनमधून जास्त करंट ओढतो. दहा घरांनी दहा स्टॅबिलायझर लावले की लाइन आणखी खाली बसते, आणि अकराव्या घरातला बल्ब आणखी मिणमिणतो. एकेका घराने पैसे मोजून हा प्रश्न सुटणारा नाही. डीपी जवळ आला पाहिजे, तार जाड झाली पाहिजे, तिन्ही फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तिन्ही तारांवर, घरं सारखी वाटली गेली पाहिजेत. शेतीपंपांसाठी महावितरणने उच्चदाब वितरण प्रणाली आणली, ती याच विचारावर. 11 हजार व्होल्टची लाइन शेताजवळ न्यायची आणि एक-दोन पंपांना छोटा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यायचा.

(दृश्य: अंधारलेली खोली. बल्ब अचानक लख्ख होतो. शेजारच्या घरातला मंद होतो.)

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, असं निघतं. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 230 व्होल्ट असतात, दोन फेजच्या मध्ये 400. वादळात किंवा सैल जोडामुळे न्यूट्रल तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ते 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी सारखी होत नाही. ज्या घरात गिझर चालू आहे तिथे व्होल्टेज कोसळतं. ज्या घरात फक्त टीव्ही आणि एक एलईडी दिवा आहे, तिथे ते तीनशेच्या वर जाऊ शकतं. ज्या घरी वीज सगळ्यात कमी वापरली जात होती, त्याच घरचा टीव्ही जळतो. एका घरात कष्टाने घेतलेला टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळं एका मिनिटात जातं, आणि त्या घराचा त्यात काहीही दोष नसतो.

काही दिवे भलतेच लख्ख, काही मंद, आणि शेजाऱ्याने काहीतरी चालू-बंद केलं की आपल्याकडचा उजेड हलतोय, असं दिसलं की मेन स्विच खाली करा. स्टॅबिलायझरचा आकडा बघत बसू नका. शेजारीपाजारी हाक मारा, वायरमनला कळवा. 1912 या नंबरवरही तक्रार देता येते. तार स्वतः जोडायला खांबावर कुणी चढू नका, आणि दुसऱ्या कुणाला चढू देऊ नका.

(दृश्य: मीटरशेजारचा बोर्ड. एमसीबीच्या ओळीत बसवलेला छोटा डिजिटल प्रोटेक्टर, त्यावर 231 हा आकडा.)

घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो जास्त करंटला तोडतो, जास्त व्होल्टेज त्याला समजत नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. तो इलेक्ट्रिशियनकडून मीटरनंतरच्या बोर्डात बसवून घ्यायचा. त्याची क्षमता घराच्या लोडप्रमाणे निवडायची, वरची मर्यादा 260-270 च्या आसपास आणि खालची 170-180 च्या आसपास ठेवायची. व्होल्टेज या पट्ट्याबाहेर गेलं की तो घराची वीज तोडतो आणि ते ठिकाणावर आल्यावर ठरवलेल्या वेळाने पुन्हा जोडतो. ती वेळ निदान तीन मिनिटांची ठेवून घ्या. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा अवधी लागतो, आणि त्याआधी वीज आली तर फ्रिज उठत नाही.